साडेतीन एकरांत दोन घोडी

"पण ताई, घोड्याचा उपयोग काय?"

डेअरीच्या ओट्यावर कुणी हे विचारलं की मी आता चिडत नाही. गाय दूध देते, शेळी अडीनडीला विकता येते, बैलाचं काम ट्रॅक्टर करतो. घोडं नुसतं खातं. त्यात आमचा पुरंदर तालुका. एप्रिल-मेमध्ये वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात आणि आमची दोन घोडी मिळून रोज ५०-६० लिटर पाणी पितात. विचारणाऱ्याला उत्तर देणं लागतंच.

माझा राग वेगळ्याच लोकांवर आहे. पुण्याहून यायचं, दहा गुंठ्यांचा तुकडा घ्यायचा, भोवती पत्रे मारायचे, विमानतळ झाला तर भाव कुठवर जाईल याच्या गप्पा मारायच्या आणि मधोमध एक उंचपुरा मारवाडी घोडा आणून बांधायचा. शनिवार-रविवार रील काढायची. सोमवारपासून घोडा एकटा, पुढ्यात भुशाचं घमेलं, गडी दोन वेळा येऊन टाकून जाणार. घोड्यावर फार जीव आहे म्हणतात. असेल. पण घोड्याला लागतं गवत, सोबत आणि चालायला जागा. या तिन्हींना जमीन लागते, आणि जमिनीचा हिशेब कुणी करत नाही.

आमचा हिशेब सांगते. साडेतीन एकरांत सव्वा एकर सीताफळ, अर्धा एकर अंजीर, पाऊण एकर ज्वारी आणि एक एकर गवत. घर, विहीर, आवार यातच. घोडं दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा खातं. आमची घोडी चंद्री अडीचशे किलोची, घोडा बादल साडेतीनशेच्या घरात. म्हणजे दोघांना रोज बारा किलो. वर्षाचे झाले जवळजवळ साडेचार टन. पाऊस चांगला झाला तर एक एकरातल्या मारवेलचं सुकं गवत दोन टनांच्या आसपास निघतं, ज्वारीचा कडबा सव्वा टन, बांधांवरचं आणि बागेतलं कापून अर्धा टन. उरलेलं विकत. दुष्काळी वर्षी निम्म्याहून जास्त विकत. या हिशेबात तिसरं जनावर बसत नाही, कितीही गोड असलं तरी. मला फुकट घोडा देऊ करणारे पुष्कळ भेटलेत. फुकट घोड्याइतकं महाग काही नाही.

गवत लावायला आम्ही डोकं जास्त चालवलं, घोड्यांना नंतर. वरच्या टप्प्यातली एक एकर खडकाळ, पूर्वी तिथं फक्त कुसळी गवत उगवायचं. मृगाच्या पावसावर मारवेलचे ठोंब आणून लावले, उताराला आडवे, दोन ओळींमध्ये दीड फूट ठेवून. पहिल्या वर्षी जनावर आत सोडलं नाही, फक्त कापलं. पवना गवत आपोआप आलं, त्याला राहू दिलं. कुसळी मात्र पूर्ण गेली नाही आणि जाणारही नाही. तिला फुलोऱ्याच्या आधी कापायची, एवढंच हातात आहे. एकदा फुलोरा पुढे गेला की काय होतं ते चंद्रीच्या तोंडात पाहिलंय. चारा तोंडात घेऊन सोडून देत होती, लाळ गळत होती. डॉक्टरांनी वरचा ओठ उलटा धरला तर पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीत, कुसळं शिवणीच्या टाक्यांसारखी ओळीनं रुतलेली. चिमट्यानं एकेक काढलं. भोवती पिवळट पापुद्रा धरला होता. तेव्हापासून दसऱ्याची वाट न बघता फुलोऱ्याला येता येता गवत पडलंच पाहिजे, मग अंजिराच्या छाटणीला मजूर मिळोत न मिळोत.

घोड्याला गाईसारखं दोन वेळा वैरण टाकून चालत नाही, हे आमच्याकडे पटायला वेळ लागतो. गाय खाते आणि मग बसून रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. जठर अंगाच्या मानानं लहान, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहतं. ते निवळतं लाळेनं, आणि घोड्याच्या तोंडाला लाळ सुटते ती फक्त चावताना. मोकळं घोडं दिवसातले पंधरा-सोळा तास चरत असतं ते हावरेपणानं नाही. पोट रिकामं राहिलं की आतून जखमा होतात, आणि मग एकदम भरपूर चंदी, म्हणजे दाणा, घातला की पोटशूळ. त्यात घोड्याला उलटी होत नाही, गेलेलं बाहेर येण्याचा रस्ताच नाही. पोटशुळानं लोळणारं घोडं ज्यानं एकदा पाहिलं, तो पुन्हा घमेलंभर भरडा घालणार नाही.

म्हणून रात्रीसाठी नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या शिवून घेतल्या. भोकं दोन बोटं जातील एवढीच. सुकं गवत त्यात भरून टांगलं की एकेक काडी ओढून खावं लागतं आणि पहाटेपर्यंत पुरतं. कडबा कुट्टी यंत्रातून घालते, पण लांबट ठेवते. गाईसाठी करतात तशी बारीक कुट्टी घोडी भसाभसा गिळतात आणि घशात अडकते.

हरभऱ्याबद्दल तर बोलूच नका. गावातला प्रत्येक जाणता माणूस सांगतो, घोड्याला हरभरा पाहिजे. पाहिजे होता, दिवसाला वीस-पंचवीस कोस पळणाऱ्या घोड्याला. दिवसातून तासभर काम आणि उरलेला वेळ चरणं, एवढ्यावर असलेल्या घोडीला रोज दोन किलो हरभरा घातला तर ती फुगते, आणि पुढे पायाला आग लागते. खुराच्या आतलं मांस सुजतं, खूर कडक असल्यामुळे सुजेला जागा नाही, घोडं पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभं राहतं. लहान, काटक जातीची घोडी याला लवकर बळी पडतात. आमच्याकडे हरभरा आहे, पण मूठभर आणि भिजवलेला, तोही बहुतेक करून लगाम चढवताना तोंड उघडावं म्हणून. लसूणघासाचे तीन वाफे आहेत, त्यातली एक पेंढी दोघांत. आणि दावणीला सैंधवाचा दगड.

उसाचे वाढे फुकट मिळतात, खाली नीरेकडून ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर येतात. गाईंना घालतात, घोड्याला मी रोजचे घालत नाही. त्यातलं ऑक्सलेट चाऱ्यातला चुना बांधून टाकतं, अंगाला लागू देत नाही. मग घोडं हाडातला चुना वापरायला लागतं आणि काही महिन्यांनी नाकाडाची दोन्ही बाजूंची हाडं सुजलेली दिसतात. लोक म्हणतात, तोंड कसं भरलंय! दुसरी गोष्ट शेजारच्या पोल्ट्रीची. कोंबडी खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं असतात, कोंबडीला चालतात, घोड्याच्या काळजाचे स्नायू मारतात. थोडंसंही पुरतं. त्यामुळे पोल्ट्रीचं सांडलेलं खाद्य, रिकामी पोती, तिथलं घमेलं, काही आमच्या आवारात येत नाही. शेजाऱ्यांना सुरुवातीला हे सोवळं वाटलं. फाटकाजवळची कण्हेर सासूबाईंनी देवाला फुलं म्हणून लावलेली, ती उपटताना घरात दोन दिवस अबोला होता. बांधावरचे एरंड मात्र कुणी न बोलता गेले.

एक एकर गवताचे चार तुकडे केलेत. जनावर एका तुकड्यात आठवडा-दहा दिवस, मग पुढे. घोडं शेळीसारखं वरवर खात नाही, खालच्या आणि वरच्या दोन्ही दातांनी मुळाशी कुरतडतं, आणि जिथं गोड लागेल तिथं पुन्हा पुन्हा येतं. एकाच जागी सोडलं तर महिन्यात माती उघडी. गवत चार बोटं उरलं की बाहेर काढायचं, मग त्यांनी कितीही मान वळवून बघितलं तरी. भर पावसात चारही तुकडे बंद. ओल्या जमिनीवर खूर रुततात, गवताचे ठोंब उपटतात. तेव्हा घराच्या मागचं मुरमाचं आवार, सात-आठ गुंठे, एका अंगाला पत्र्याचं छप्पर. दिसायला अगदी उघडंबोडकं. पण ते होतं म्हणून वरची एक एकर टिकली. मुरूम दर दोन वर्षांनी नवीन टाकावा लागतो, नाहीतर लीद आणि मूत मिसळून चिखल होतो आणि तळव्यातला मधला मऊ भाग सडायला लागतो. तो वास एकदा नाकात बसला की लांबून ओळखू येतो.

चंद्री आली धनगरांकडून. दिवाळीनंतर फलटण-माणकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, आमच्या रस्त्यानं कोकणाकडे उतरतात. मेंढरं पुढे, मागे तट्टं, त्यांच्यावर बाज, भांडी, कोंबड्यांची डालगी आणि सगळ्यात वर एखादं झोपलेलं पोर. आमच्या रानात एक वाडा वर्षानुवर्षं मेंढरं बसवतो. तीन रात्री बसल्या की ज्वारीला दुसरं खत लागत नाही, बदल्यात धान्य आणि थोडे पैसे. त्या वाड्यातले आबा एका वर्षी म्हणाले, ही घोडी यंदा घाट उतरायची न्हाय, पुढच्या पायात दम न्हाय तिच्या. विकायची तर बाजारात खाटकाच्या वाटेला जाईल. तिच्या बदल्यात आम्ही कडबा दिला आणि वर थोडी रक्कम. सहा महिने सपाटीवर राहिल्यावर पाय सुधारला.

हीच ती भीमथडी तट्टं. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली, जेमतेम बारा-तेरा मूठ (एक मूठ म्हणजे चार इंच) उंच, छाती रुंद, खूर दगडासारखे. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा ज्या घोड्यांचा होता त्यांचं रक्त यांच्यात आहे, अरबी आणि तुर्की घोड्यांची सरमिसळ होऊन. पुतळ्यांवरचे घोडे पाहून जी कल्पना होते तिच्याजवळपासही ही बसत नाहीत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, देशातली घोड्यांची आठवी. नोंद झाली ते बरंच झालं. कारण २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टं होती, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी गेली.

एकटं घोडं मी ठेवणार नव्हते. कळपातलं जनावर आहे ते, झोपायलासुद्धा दुसरं कुणीतरी जागं लागतं. चंद्री पहिले काही आठवडे गाईपाशी उभी राहायची, पण गाय गाय असते, ती पाठ खाजवून देत नाही. मग वरातीमागून घोडं आलं, शब्दशः. बादल. (वरातीच्या दर दुसऱ्या घोड्याचं नाव बादल असतं, उरलेल्यांचं राजा.) नुकरा, पांढराशुभ्र, कातडी गुलाबी, डोळे निळसर. दोन जिल्ह्यांतल्या नवरदेवांना मिरवून झाल्यावर डाव्या मागच्या पायानं लंगडायला लागला आणि मालकाला नकोसा झाला.

तो आला तेव्हा ओठांच्या कोपऱ्यांत जुन्या जखमांच्या गाठी होत्या. काटेरी लगाम. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राचे नियम झाले, त्यात काटे किंवा टोकं असलेला लगाम, जू, काठी, सगळ्यावर बंदी आहे. साठ वर्षं झाली. आजही आठवडी बाजारात तसा लगाम दोरीला टांगलेला दिसतो आणि विकणारा सांगतो, 'जरा मस्तीखोर आहे का, मग हाच न्या.' बादल दावणीला उभा राहिला की एका पुढच्या पायावरून दुसऱ्यावर असा डोलत राहायचा, मान डावीकडे, मान उजवीकडे, तासन्‌तास. जुना मालक मोठ्या कौतुकानं म्हणाला होता, बघा, वाजंत्री नसली तरी नाचतो! तो नाच नव्हता. वर्षानुवर्षं अगाडी-पिछाडी बांधून चार फुटांत उभं केलेल्या घोड्याच्या डोक्याची ती अवस्था होती. चंद्रीबरोबर मोकळा सुटायला लागल्यावर डोलणं पुष्कळ कमी झालं. गेलं नाही. वैरणीला उशीर झाला किंवा लांब कुठं डीजे लागला की अजून सुरू होतं.

तेव्हा त्याला लग्नासाठी मागायला येणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं आहे. भावकीतल्या एकानं तर फार धरलं, "काकू, घरचा घोडा असताना बाहेरून आणायचा व्हय?" बैलगाडी दिली सजवून, शेजारच्यांची. भावकी दोन महिने फुगून बसली. सासूबाईंना मात्र बादल आल्यापासून वेगळाच उत्साह. पहिल्यांदा बडबड केली की माणसांना खायला महाग आणि हे लोढणं कशाला, पण पांढरा घोडा म्हणजे जेजुरीच्या खंडोबाचं वाहन, त्याला नाही म्हणता येईना. दर रविवारी त्याच्या कपाळाला भंडारा लागतो. आषाढी वारीत माउलींची पालखी सासवडला मुक्कामाला आली की अश्वाचं दर्शन घेऊन घरी येतात आणि आमच्या लंगड्या नवरदेवालाही हात जोडतात. गुलाबी नाकाडाला उन्हानं फोड येतात म्हणून मी झिंकचं मलम लावते, त्यामुळे रविवारी तो वरून पिवळा आणि खालून पांढरा असतो.

पायांचं सांगायचं राहिलं. या भागात नालबंद उरले नाहीत. आमचे नालबंद चाचा पुण्याहून मोटारसायकलवर येतात, मागच्या पिशवीत वाकड्या टोकाची सुरी, पकड आणि कानस. सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावेच लागतात, घोडं काम करो न करो. दोघांनाही नाल नाही. चंद्रीचे खूर इतके कडक की चाचा म्हणतात, हिला नाल मारणं म्हणजे माझ्या खिळ्यांचा अपमान. ते यायचे थांबले तर मी काय करणार, हा प्रश्न मला कडब्याच्या भावापेक्षा जास्त सतावतो. त्यांच्याकडून कानस चालवायला शिकतेय. कड गोल करणं जमतं. तळव्याला हात लावायची परवानगी अजून मिळालेली नाही.

आता लीद. दोघांची मिळून रोज पंचवीस किलोंच्या आसपास, ओली. चरायच्या तुकड्यातून ती रोज उचलायची, हे काम चुकवलं की जंत वाढतात. गवताच्या पात्यावर अळ्या चढून बसतात आणि पुन्हा पोटात जातात. पूर्वी सरसकट तीन महिन्यांनी जंताचं औषध पाजायची पद्धत होती, अजूनही बरेच जण पाजतात. आम्ही आधी लीद तपासून घेतो. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असल्याचा हा फायदा. एका ग्रॅममध्ये अंडी फार निघाली तरच औषध. कारण त्यातलं आयव्हरमेक्टिन लिदीतून बाहेर पडतं आणि शेणकिडे मारतं. हे किडे पावसाळ्यात लिदीचे गोळे करून रात्रीतून जमिनीत नेतात, माझं निम्मं काम वाचवतात. ज्या वर्षी औषध पाजावं लागलं त्या वर्षी गोळे तसेच वाळून पडलेले दिसले.

ताजी लीद झाडाला घालत नाही. गाजर गवताचं बी घोड्याच्या पोटातून सहज जिवंत बाहेर येतं. ढीग लावायचा, पाला मिसळायचा, पाणी मारायचं. आतली उष्णता ६० अंशांच्या आसपास जाते, हात घालवत नाही. दोनदा वरखाली केला की बीही मरतं आणि जंतांची अंडीही. सीताफळाच्या आळ्यांत दुसरं खत विकत आणून घातलेलं नाही, हा घोड्यांचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग. डेअरीच्या ओट्यावर सांगितला तर लोक म्हणतात, मग म्हैस पाळा, खतही येईल आणि दूधही. त्यांचं बरोबर आहे.

चंद्री काम करते. वरच्या टप्प्याला रस्ता नाही, टेम्पो खाली थांबतो. सीताफळाचे क्रेट पाठीवर दोन्ही बाजूंना बांधून ती उतरवते. त्याच १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो सांगितलेत, आम्ही ४० च्या वर जात नाही. दुपारी बारा ते तीन, ३७ अंशांच्या वर पारा असेल तर जनावराकडून काम घ्यायचं नाही, हेही त्यात आहे. आमचा हंगाम पावसाळी, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. खोगिराखाली गोधडीची दुहेरी घडी, तंग दोन बोटं सैल. काम झाल्यावर पाठीवरून हात फिरवायचा. कुठं ओलं नसलेलं कोरडं ठिकाण लागलं तर तिथं खोगीर दाबतंय. बसायचं म्हणाल तर माझी मुलगी बसते. मी बसत नाही. चंद्रीच्या मानानं माझं वजन जास्त आहे आणि ते कमी होण्याची लक्षणं नाहीत.

दोघांच्या शेवटाबद्दल घरात बोलून ठेवलंय. बादलचा लंगडणारा पाय कधीतरी साथ सोडणार. डॉक्टर शेवटचं, मरणाचं इंजेक्शन द्यायला तयार आहेत, पण ते दिलेलं धूड उघड्यावर टाकता येत नाही, कुत्री-कोल्ही खाऊन मरतात. गिधाडांचं काय झालं ते आपण पाहिलंच. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं ती संपत आली, आणि २००६ साली त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आली तोवर आमच्या भागात वाचवायला गिधाडंच उरली नव्हती. म्हणून विहिरीपासून लांब, खालच्या बांधाच्या कोपऱ्यात जागा ठरलीय. आठ फूट खोल खणायला जेसीबीच लागणार, आमचा मुरूम कुदळीला दाद देत नाही. बाजारात विकायचं नाही, एवढं चौघांनी मान्य केलंय. मुलगा म्हणाला, लिहून ठेवूया का? लिहिलं, आणि कागद सात-बाराच्या फाईलला लावला.

राहता राहिलं शिंगरू. सगळे विचारतात. जात वाचवायला निघालेले शहरातले लोक तर फोन करून विचारतात, शुद्ध भीमथडी घोडी आहे, शिंगरू का घेत नाही. माझ्याकडे तिसऱ्याचं गवत नाही, हे पहिलं उत्तर. दुसरं असं की भीमथडी घोडं जे आहे ते चालण्यामुळे आहे. वर्षातले सात-आठ महिने घाट, ओढे, डांबर, कातळ तुडवत, मिळेल ते खात जी तगली त्यांचीच पिल्लं पुढे आली. माझ्या आवारात मारवेल खाऊन वाढलेलं शिंगरू रंगानं, मापानं भीमथडी असेल. ते घाट उतरेल का, मला शंका आहे. जात वाचवायची असेल तर मेंढपाळांच्या वाटा, चराऊ रानं आणि मुक्कामाच्या जागा वाचवाव्या लागतील. त्यासाठी कुणी मला फोन करत नाही.

आबांचं म्हणणं याच्याही पुढचं. यंदा जाताना ते चंद्रीच्या पायांवरून हात फिरवत बसले आणि म्हणाले, "आवं ताई, पाय चांगला झालाय. हिला यंदा वाड्यासंगं धाडा. आमच्या घोड्याचं शिंगरू पडंल, शिंगरू आमचं, घोडी दुसऱ्या जेठात तुमची तुम्हाला आणून बांधतो. ही काय दावणीचं जनावर हाय व्हय?"

मला नाही म्हणता आलं नाही लगेच. त्यांचं खरं आहे, आणि शिंगरू चालणाऱ्या कळपात वाढेल, मला हवं तसंच. पण घाटरस्त्यावर आता रात्री डंपर असतात. बादल एकटा पडेल. आणि वाड्यातल्या तट्टांची ग्लँडर्सची तपासणी कधीच झालेली नाही. तो रोग माणसालाही होतो, घोड्यात निघाला तर २००९ च्या कायद्यानं ते मारावं लागतं, उपचार नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आधी सगळ्यांचं रक्त घेऊ, तुमच्या दोघांचं आणि वाड्यातल्यांचंही, नमुने तपासून येऊ देत. आबा पहिल्यांदा बिथरले. सरकारी सुई एकदा टोचली की जनावर सरकारचं, असा त्यांचा अनुभव आहे. मग म्हणाले, परतीच्या वाटेवर घ्या रक्त, मेंढरं कोकणात अडकलेली बरी नाहीत.

तेव्हा यंदा कडबा गेला त्यांच्याबरोबर, दोनशे पेंढ्या. घोडी इथंच आहे.